खलनायकाची पुरवणी: ‘एपिसोड आर्डिन’ने आर्डिनला मोठे केले की लहान?

काजवा (धागाकर्ता)

‘फायनल फँटसी 15’ हा खेळ मी अलीकडे दुसऱ्यांदा पूर्ण केला आणि पहिल्या वेळी हात न लावलेली ‘एपिसोड आर्डिन’ ही जोडकथा (मूळ खेळाला नंतर जोडलेला वेगळा भाग) या वेळी मुद्दाम खेळलो. ती संपल्यावर समाधान वाटले नाही, आणि ते का वाटले नाही याचा विचार करता करता हा धागा काढावासा वाटला. पुढे दोन्हींचे शेवट उघड केले आहेत. ज्यांना स्वतः खेळायचे आहे त्यांनी आधी खेळून यावे, धागा कुठे पळून जात नाही.

ज्यांचा या खेळाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. मूळ खेळ 29 नोव्हेंबर 2016 रोजी आला. लुसिसचा राजपुत्र नॉक्टिस स्वतःच्या लग्नासाठी तीन सोबत्यांसह गाडीने निघतो, पाठीमागे राजधानी इन्सोम्निया शत्रूच्या हाती पडते, वडील मारले जातात, आणि निफलहाइम साम्राज्याचा चॅन्सेलर आर्डिन इझुनिया वाटेत पुन्हा पुन्हा भेटत राहतो. 2017 मध्ये तिन्ही सोबत्यांच्या स्वतंत्र जोडकथा आल्या. 26 मार्च 2019 रोजी आलेली शेवटची जोडकथा मात्र खलनायकाची होती. दोन हजार वर्षांपूर्वी हाच आर्डिन ‘स्टारस्कर्ज’ नावाची काळोखाची बाधा लोकांच्या अंगातून स्वतःच्या शरीरात ओढून घेऊन त्यांना बरे करत असे, आणि त्याचा भाऊ सोम्नस त्याच बाधितांना ठार मारत असे. राजपदावरून दोघांत ठिणगी पडली, आर्डिनची वाग्दत्त वधू एरा सोम्नसच्या तलवारीने मेली, आणि मरणही नाकारले गेलेल्या आर्डिनला अँजेलगार्ड बेटावर जखडून ठेवण्यात आले. निफलहाइमचा शास्त्रज्ञ वेर्स्टेल बेसिथिया त्याला तिथून बाहेर काढतो, आणि पुढे इन्सोम्नियात स्थापनादिनाचा उत्सव चालू असताना आर्डिन त्या शहरावर चालून जातो.

माझा आक्षेप या कथेच्या शेवटाला आहे. सोम्नसच्या वंशावर, म्हणजे लुसिसच्या राजघराण्यावर, सूड उगवण्याच्या ऐन क्षणी बाहामुट हा देव मध्ये पडतो आणि सांगतो की हे सारे आधीच ठरले होते: आर्डिनने काळोख साठवायचा, आणि पुढे जन्मणाऱ्या खऱ्या राजाने त्याला मारून त्याच्याबरोबर तो काळोख संपवायचा. म्हणजे आर्डिन कुणाचा खलनायक राहिलाच नाही, तो देवांचा वेठबिगार झाला. ही नियती स्वीकारायची की झुगारायची, असा पर्याय खेळाडूला दिला जातो खरा, पण काहीही निवडले तरी मूळ खेळातला आर्डिन जिथे उभा असायचा तिथेच उभा असतो.

याउलट मूळ खेळाच्या तेराव्या प्रकरणात क्रिस्टल या जादूच्या स्फटिकासमोर आर्डिन स्वतःचे खरे नाव सांगतो आणि मोजक्या वाक्यांत आपली हकीगत उरकतो: मी लोकांना वाचवले, मत्सरी भावाने मला राक्षस ठरवले. त्या वाक्यांत खरे किती आणि खोटे किती, हे ताडून पाहायला खेळाडूकडे तेव्हा काहीही साधन नसते. ज्याने आल्टिशिया शहरात नॉक्टिसच्या वाग्दत्त वधूला, लुनाफ्रेयाला, भोसकले, ज्याने त्याआधी आपल्याला गाडीमागे गाडी घेऊन हिंडवले, त्याच्या तोंडून त्यागाची गोष्ट ऐकताना किळस आणि दया या दोन्ही भावना एकाच वेळी दाटतात, आणि त्यातली खरी कोणती हे आपल्यालाच ठरवावे लागते. जोडकथेने त्या वाक्यांवर सही-शिक्का मारला. आर्डिन खरे बोलत होता, विषय संपला.

मूळ उत्तरपत्रिकेत नेमके उत्तर लिहिलेले असताना केवळ पाने भरली असे दिसावे म्हणून पुरवणी मागणारा विद्यार्थी जे करतो, तेच इथे झाले आहे असे माझे मत आहे.

बारावा गडी

काजवा, आपली मांडणी नेटकी आहे, पण तिच्या मुळाशी असे गृहीत आहे की कथेतली संदिग्धता ही नेहमी लेखकाची पुंजी असते. कधी कधी ती नुसती उधारी असते. ज्या तेराव्या प्रकरणाचा आपण दाखला दिला आहे ते मूळ स्वरूपात इतके विस्कळीत होते की मार्च 2017 मध्ये त्याची डागडुजी करावी लागली आणि ग्लॅडिओलस या सोबत्याच्या बाजूने खेळण्याचा एक वेगळा मार्ग त्यात जोडावा लागला. इन्सोम्नियाचा पाडाव आपल्याला बातमी कळावी तसा कळतो, आणि खेळाच्या उत्तरार्धात एकामागून एक महत्त्वाच्या घटना पडद्याआड उरकल्या जातात. अशा खेळात आर्डिनची हकीगत चार वाक्यांत आटोपली ती लेखकाच्या संयमामुळे, असे मानणे म्हणजे पडलेल्या भिंतीला खिडकी म्हणण्यासारखे आहे.

पण हा माझा मुख्य मुद्दा नाही. आपण जोडकथेबद्दल असे लिहिले आहे जणू ती वाचायची गोष्ट आहे. तिचा सारांश दिला, शेवटाचा अर्थ लावला आणि निकाल दिला. ती खेळायची गोष्ट आहे. मूळ खेळात जिवंत इन्सोम्निया आपल्या वाट्याला जवळजवळ येतच नाही. सुरुवातीला राजवाड्याच्या पायऱ्या दिसतात आणि शेवटी दहा वर्षांच्या अंधारानंतरचे भग्न अवशेष. ज्या शहरासाठी नॉक्टिस प्राण देतो, ते माणसांनी भरलेले, दिव्यांनी लखलखणारे, उत्सवात दंग असलेले शहर खेळाडू पहिल्यांदा नीट पाहतो ते त्याचा नाश करायला निघालेल्या माणसाच्या पायांनी चालत. मला वाटते, या संपूर्ण मालिकेत याहून क्रूर आणि याहून हुशार मांडणी दुसरी नसेल. रस्त्यावरची माणसे पळत असतात आणि आपण छपरांवरून झेपा टाकत पुढे जात असतो. हातातल्या नियंत्रकाला त्याची लाज वाटत नाही आणि, खरे सांगायचे तर, पहिली दहा मिनिटे आपल्यालाही वाटत नाही.

आणखी एक गोष्ट नजरेतून सुटू नये. आर्डिन ज्या स्पर्शाने पूर्वी बाधितांना बरे करायचा, त्याच स्पर्शाने आता तो सैनिकांना पछाडतो. ही गोष्ट कुणी संवादातून सांगत नाही, ती खेळाडूच्या हातून घडते. चार वाक्यांच्या कबुलीतून हे कधीच पोचले नसते.

उंबरठा

मी काजवा यांच्या बाजूने आहे, मात्र माझे कारण वेगळे आहे. खलनायकाला स्वतंत्र कथा देण्यात काहीच गैर नाही. त्याचे बालपण, त्याची प्रेयसी आणि त्याच्यावर झालेला अन्याय सांगितला म्हणजे कथा दिली, ही समजूत मला गैर वाटते.

‘द विचर 3’ची ‘हार्ट्स ऑफ स्टोन’ ही जोडकथा 13 ऑक्टोबर 2015 रोजी आली आणि तिचा सारा डोलारा गाँटर ओ’डिम या एका खलनायकावर उभा आहे. तो जोडकथेसाठी आयत्या वेळी घडवून आणून बसवलेला नाही. मूळ खेळात अगदी सुरुवातीला, व्हाइट ऑर्चर्ड गावच्या खानावळीत, आरसे विकणारा एक गरीब बिचारा फिरस्ता म्हणून तो खेळाच्या नायकाशी, गेराल्टशी, बोलून जातो, आणि पन्नास-साठ तास खेळून झाल्यावर आपण त्याला पार विसरलेले असतो. जोडकथेत तोच माणूस भर खानावळीत काळ थांबवतो, सगळे गिऱ्हाईक जागच्या जागी गोठते, आणि बोलण्यात व्यत्यय आणणाऱ्या एका दारुड्याच्या डोळ्यात तो सहज लाकडी चमचा खुपसतो. आवाज चढत नाही, चेहरा बदलत नाही. पोलंडमधल्या पान त्वार्दोव्स्की या सरदाराच्या दंतकथेतून ओल्गिएर्ड या माणसाने ओ’डिमशी केलेला करार आणि त्याची पळवाट आली आहे. तिथे सैतान सरदाराला पकडतो ते ‘रोम’ नावाच्या खानावळीत, आणि इथे ‘चंद्रावर उभे राहू तेव्हा’ ही अट जमिनीवर कोरलेल्या चंद्राने पुरी होते.

ओ’डिम मुळात कोण, हे अखेरपर्यंत कळत नाही. ते शोधून काढणारा ऑक्सनफर्टचा प्राध्यापक स्वतःभोवती संरक्षक वर्तुळ आखून वर्षानुवर्षे त्यातच राहतो, आणि वर्तुळाबाहेर पडताच मरतो. खलनायकाबद्दल माहिती देण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही: माहिती न देता, माहिती मिळवणाऱ्याची गत दाखवायची. आणि ही कथा आपण खलनायकाच्या अंगात शिरून नव्हे, तर त्याने नागवलेल्या ओल्गिएर्डच्या घरात, त्याच्या बायकोच्या चितारलेल्या आठवणींतून फिरत खेळतो. खलनायक केवढा आहे ते त्याच्या सावलीच्या लांबीवरून कळते.

‘एपिसोड आर्डिन’ला हे करता आले नसते असे नाही. जखमी, जळालेली, पळणारी माणसे तिथे होतीच. पण कॅमेरा कायम आर्डिनच्या पाठीमागे राहिला.

चकवा

उंबरठा यांनी ओ’डिमचे जे वर्णन केले आहे ते वाचून खेळ पुन्हा उघडावासा वाटला, पण ही तुलना मला मान्य नाही. ओ’डिम हा माणूस नाही, तो दंतकथेतला सैतान आहे, आणि सैतानाला पूर्वायुष्य नसते. आर्डिन माणूस होता, हेच तर त्याच्या भीषणतेचे मूळ आहे.

शिवाय देवांनी आखून दिलेला खलनायक म्हणजे खलनायकच नव्हे, हा काजवा यांचा निष्कर्ष आपल्या मातीत वाढलेल्या वाचकाने इतक्या सहज काढावा याचे आश्चर्य वाटते. वैकुंठाचे द्वारपाल जय आणि विजय यांना शापानंतर दोन वाटा होत्या: सात जन्म भक्त म्हणून घ्यायचे किंवा तीन जन्म वैरी म्हणून. त्यांनी वैर पत्करले, आणि हिरण्यकशिपूपासून रावणापर्यंत आणि तिथून शिशुपालापर्यंतची सगळी खलमालिका त्यातून निघाली. हे सारे वैकुंठात ठरलेले होते म्हणून सीताहरणाचा दोष उणा होतो, असे आजवर एकाही कीर्तनकाराला म्हणताना मी ऐकलेले नाही. श्रोत्यांना दोन्ही गोष्टी एकाच वेळी ठाऊक असतात, आणि तरीही रावण आला की मंडपात चुळबुळ थांबते. नियती आणि अपराध एकाच माणसाच्या अंगावर एकत्र नांदू शकतात. आर्डिनच्या बाबतीतही तेच आहे. बाहामुटने त्याला खलनायक व्हायला सांगितले असेल, पण लुनाफ्रेयाला मारताना त्याने घेतलेला आनंद हा त्याचा स्वतःचा आहे.

आणि बलिप्रतिपदेला ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ असे म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांना तरी, देवाने पाताळात घातलेल्या राजाची बाजू ऐकण्यात अडचण नसावी.

काजवा (धागाकर्ता)

चकवा, बळीचा दाखला मला मान्य नाही, कारण बळीला आपण खलनायक मानतच नाही. तो दानशूर होता आणि दिलेल्या शब्दापायी बुडाला. त्याने पाताळातून परत येऊन कुणाची राजधानी जाळली असती तर आपण त्याला ओवाळले असते का, हा खरा प्रश्न आहे.

जय-विजयांचा दाखला मात्र विचार करायला लावणारा आहे, आणि तो माझ्याच बाजूने झुकतो असे मला वाटते. त्यांना आधी विचारले गेले. वैर पत्करले तर लवकर परतता येईल, हे कळून त्यांनी निवड केली, आणि त्या निवडीत एक विलक्षण ओढ आहे. आर्डिनला बाहामुट विचारतो ते सगळे घडून गेल्यावर, आणि तेही अशा रीतीने की नकाराला काही किंमत नसावी. तिथे शोकांतिका होऊ शकली असती. झाली ती सरकारी नोटीस.

बारावा गडी यांचा शहराबद्दलचा मुद्दा मात्र मला खोडून काढता येत नाही. मी खेळताना तो अनुभव घेतला होता, आणि लिहिताना तो सोयीस्करपणे विसरलो, हे कबूल करतो.

ठोकताळा

इथे सगळे जण ‘एपिसोड आर्डिन’ला पूर्ण कलाकृती समजून तोलत आहेत. ती पूर्ण नव्हतीच. 2018 च्या एप्रिलमध्ये चार नव्या जोडकथांची योजना जाहीर झाली होती: आर्डिन, अरानिया, लुनाफ्रेया आणि शेवटी नॉक्टिस. चौघांच्या कथा मिळून मूळ खेळाला पर्यायी शेवट देणार होत्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दिग्दर्शक हाजिमे ताबाता स्क्वेअर एनिक्स या निर्मात्या कंपनीतून बाहेर पडल्याचे जाहीर झाले आणि चारांपैकी तीन कथा रद्द झाल्या. ज्या ल्युमिनस प्रॉडक्शन्स या उपकंपनीकडे हे काम होते तिच्या खात्यात त्याच सुमारास सुमारे 3.7 अब्ज येनचा असाधारण तोटा दाखवण्यात आला. उरली एकट्या आर्डिनची कथा, कारण तिचे काम बरेच पुढे गेलेले होते. बाकीचा मजकूर पुढे कादंबरीच्या रूपाने छापला गेला आणि त्यात आर्डिन व नॉक्टिस यांचा अखेरचा शत्रू बाहामुटच ठरतो.

हे ध्यानात घेतले की काजवा यांना जी सरकारी नोटीस वाटते ती खरे तर पुढच्या अंकाची नांदी होती. बाहामुटचे भाषण, नियती झुगारण्याचा तो निरर्थक वाटणारा पर्याय, या सगळ्याला पुढे फळ धरायचे होते. चौघांनी उचलायची पालखी एकाच्या खांद्यावर राहिली, आणि आपण आता तिच्या तिरपेपणावर चर्चा करतो आहोत.

मात्र म्हणून मी या व्यवहाराचे समर्थन करत नाही. आधीच्या सोबत्यांच्या कथा प्रत्येकी 4.99 डॉलरना होत्या आणि त्या सीझन पासमध्ये (सगळ्या जोडकथांच्या एकत्रित खरेदीत) मिळत होत्या. आर्डिनची कथा 9.99 डॉलरना निघाली आणि ती त्या पासमध्ये नव्हती. तेवढ्याच किमतीत ‘हार्ट्स ऑफ स्टोन’ने सुमारे दहा तासांचा ऐवज दिला होता, आणि आर्डिन दोन-तीन तासांत आटोपतो. तास मोजून कथेची किंमत करू नये हे मला मान्य आहे, पण ग्राहकाने निदान एवढे तरी विचारावे की मी विकत घेतलेली वस्तू कशाचा एक चतुर्थांश आहे.

खलनायकाच्या जोडकथांचा खरा रोग मला इथे दिसतो. ‘मास इफेक्ट 3’ मार्च 2012 मध्ये आला. तीन खेळ ज्या रीपर यंत्रांविरुद्ध लढलो ती मुळात का निर्माण झाली, हे त्याच्या शेवटच्या दहा मिनिटांत एका लहान मुलाच्या रूपातली बुद्धी घाईघाईने सांगते, आणि त्या बुद्धीला घडवणारे कोण, हे नीट सांगणारी ‘लेव्हायथन’ ही जोडकथा ऑगस्टमध्ये वेगळे पैसे घेऊन येते. ‘ड्रॅगन एज 2’च्या ‘लेगसी’ या जुलै 2011 च्या जोडकथेत कोरिफियस नावाचा कैदी सुटतो, आणि त्याच मालिकेतल्या 2014 च्या ‘इन्क्विझिशन’मध्ये तोच मुख्य खलनायक होतो. ज्याने ‘लेगसी’ घेतली नव्हती त्याच्या लेखी तो एक अनोळखी, उंच, तावातावाने बोलणारा इसम होता. खलनायक हा कथेचा कणा असेल तर कणा वेगळा विकू नये.

निमूट

थोडेच लिहितो. मे 2010 मध्ये ‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’ची ‘द डार्कस्पॉन क्रॉनिकल्स’ ही छोटी जोडकथा आली होती. तिच्यात नायक दीक्षाविधीतच मेलेला असतो, त्याच्या जागी त्याचा सोबती अॅलिस्टर सेना घेऊन निघतो, आणि आपण शत्रूच्या टोळीचा म्होरक्या होऊन डेनेरिम शहरावर चाल करतो. मूळ खेळात ज्या सोबत्यांबरोबर शेकोटीपाशी बसलो होतो, त्यांनाच एकेक करून मारायचे. पूर्वायुष्य नाही, अन्याय नाही, देव नाही. खेळून झाल्यावर मला दोन दिवस मूळ खेळ उघडवला नाही. खलनायकाच्या बाजूने खेळणे म्हणजे काय, ते मला तिथे कळले, आणि त्यासाठी त्या म्होरक्याला एकही वाक्य बोलावे लागले नाही.

बारावा गडी

निमूट यांचे उदाहरण माझ्या म्हणण्याला बळ देते असे मी मानतो, कारण त्यांना अस्वस्थ केले ते हातांनी.

ठोकताळा, आपण दिलेला तपशील बिनतोड आहे, पण ‘कणा वेगळा विकू नये’ हा नियम आपण ज्या उदाहरणांवरून काढला ती सारखी नाहीत. लेव्हायथनमध्ये जे विकले ते कारण होते, आणि ते नसताना मूळ शेवट लंगडा राहत होता; तिथे आपली तक्रार रास्त आहे. आर्डिनच्या बाबतीत मूळ खेळात कारण सांगितलेले आहे. काजवा स्वतःच म्हणतात की ती चार वाक्ये पुरेशी होती. मग एकाच वेळी ‘मूळ कथा पुरेशी होती’ आणि ‘मूळ कथेचा कणा वेगळा विकला’ असे दोन्ही आक्षेप या धाग्यावर एकाच बाजूने कसे घेता येतील? आपसांत एकदा ठरवून घ्यावे, म्हणजे मला कुणाला उत्तर द्यायचे ते कळेल.

उंबरठा

बारावा गडी, वाद घालणाऱ्यांची बाजू एक असली तरी डोकी वेगळी असतात, एवढी सूट द्यावी.

मला एक उदाहरण राहून राहून आठवते आहे आणि ते माझ्याच आधीच्या प्रतिसादाला छेद देते. ‘इन्क्विझिशन’ची ‘ट्रेसपासर’ ही जोडकथा सप्टेंबर 2015 मध्ये आली. सोलास हा मूळ खेळात आपला सोबती असतो. शांत, जरा शिष्ट, भिंतींवर चित्रे काढणारा. खेळ संपता संपता त्याच्याविषयी शंका घ्यायला जागा ठेवली जाते, आणि जोडकथेत उलगडते की एल्फ लोकांच्या पुराणातला फसवा देव, ‘ड्रेड वुल्फ’, तोच आहे, ज्याने आपल्या लोकांना वाचवण्यासाठी एकदा जग दुभंगले होते आणि आता ते पूर्ववत करण्यासाठी आजचे जग मोडायला तो तयार आहे. इथे पूर्वायुष्य सांगितले आहे, अन्याय सांगितला आहे, खलनायक स्वतः उभा राहून सगळे समजावून देतो, म्हणजे ज्या गोष्टींना मी वर नाके मुरडली त्या सगळ्या इथे आहेत. तरीही कथा जमते, कारण तो हे सांगतो ते मैत्रीच्या जागेवरून, आणि ऐकणाऱ्याचा हात त्याच वेळी त्याच्याच जादूच्या खुणेने जळत असतो. शेवटी तो हात जातो. ज्या खेळाडूने सोलासशी प्रेमाचे नाते जोडलेले असेल त्याच्यासाठी तर हे संभाषण वेगळेच होते.

तेव्हा माझे म्हणणे सुधारून मांडतो. खलनायकाने स्वतःची बाजू सांगायला हरकत नाही. ती कुणाला सांगतो आहे हे महत्त्वाचे. आर्डिनची हकीगत तेराव्या प्रकरणात नॉक्टिसला सांगितली जाते, म्हणून ती बोचते. जोडकथेत ती कुणालाच सांगितली जात नाही, फक्त दाखवली जाते, आणि समोर नॉक्टिस नसतो, त्याचा तेव्हाचा तरुण बाप असतो, ज्याला आर्डिन कोण हे धड माहीतही नसते.

जाता जाता ठोकताळा यांच्यासाठी: सोलासची ती कथाही 14.99 डॉलरची होती, आणि तिच्यातला खलनायक घेऊन आलेला पुढचा खेळ थेट ऑक्टोबर 2024 मध्ये उगवला. कणा विकला तो विकला, पाठ यायला नऊ वर्षे लागली.

चकवा

उंबरठा यांच्या शेवटच्या परिच्छेदावर एक दुरुस्ती. नॉक्टिसच्या बापाला, रेजिसला, आर्डिन कोण हे माहीत नसणे, हीच त्या प्रसंगाची वेदना आहे असे मला वाटते. दोन हजार वर्षे ज्या सूडाची वाट पाहिली त्याचा हक्काचा शत्रू कधीच मरून गेला आहे, आणि समोर उभा आहे तो एक अनभिज्ञ वंशज, ज्याच्या घराण्याने आपले नावच इतिहासातून पुसून टाकले आहे. मग राजघराण्याच्या जादूच्या अंगठीतून सोम्नस उभा राहतो तेव्हा आर्डिनला प्रथमच बरोबरीचा श्रोता मिळतो. आणि नेमका तिथे बाहामुट मध्ये येतो. एवढ्यापुरते काजवा यांचे चिडणे मला पटते. देवाने आणखी पाच मिनिटे थांबायला हवे होते.

काजवा (धागाकर्ता)

दोन दिवस उत्तर दिले नाही, कारण नवा डाव सुरू करून गॅल्डिन या बंदरापर्यंत पुन्हा खेळलो. तिथे धक्क्याच्या वाटेवर आर्डिन पहिल्यांदा भेटतो, काहीतरी थट्टेचे बोलतो आणि जाता जाता एक नाणे भिरकावतो. पुढे तो आपल्या गाडीने वाट दाखवतो आणि आपल्याला शहाण्या मुलासारखे मागे मागे चालवायला लावतो. हे दोन्ही प्रसंग आता कसे वाटतात, एवढेच मला पाहायचे होते.

प्रामाणिकपणे सांगायचे तर ते उणावले नाहीत. नाणे पडले तेव्हा मला एरा आठवली नाही, बाहामुटही आठवला नाही. आठवले ते उत्सवातले शहर, आणि ज्याच्याकडे नाणे फेकले गेले त्या पोराला आपल्या शहरावर हा माणूस आधीच एकदा चालून गेला होता याची कल्पना नाही, ही गोष्ट. बारावा गडी यांचा मुद्दा इथे मला पूर्णपणे पोचला.

पण त्यामुळे माझी तक्रार मिटली नाही, ती सरकली. साखळ्यांतून सुटलेला, भ्रमिष्ट, सूडाने पेटलेला माणूस आणि टोपी उंचावून गोड बोलणारा चॅन्सेलर, या दोघांमधले अंतर जोडकथा पार करतच नाही. परक्या साम्राज्याच्या दरबारात तो कसा रुळला, थट्टेचा तो मुखवटा त्याने कुठे घडवला, ज्या लोकांना एकेकाळी हाताने बरे केले त्यांच्याच वंशजांकडे करमणूक म्हणून पाहायला तो कधी शिकला, हे कुठेही नाही. मला खिळवून ठेवतो तो आर्डिन त्या अंतरात तयार झाला आहे, आणि अन्यायाची हकीगत कितीही लांबवली तरी त्याचे उत्तर मिळत नाही. अन्याय पुष्कळांवर होतो. टोपी उंचावून हसत हसत कुणाचे जग मोडायला निघणारे त्यातले थोडे.

बारावा गडी

म्हणजे पुरवणीला आपला विरोध नव्हता. प्रश्न चुकीचा सोडवला, ही तक्रार आहे.

काजवा (धागाकर्ता)

तसे म्हणा. फक्त त्या पुरवणीतही बाहामुट नको.